रुसवा काढायला गेलेला माझा भाऊ

ये गो केतके, जरा जवळ सरक. लांब उभी राहून ऐकू नकोस, आणि आधी माझी बोलणी खा. फोन उचलत नाहीस. मेसेज बघतेस, त्याच्या खाली निळ्या खुणा येतात, त्यांचा अर्थ मला कळतो, म्हातारी झाले म्हणून काय... पण उत्तर नाही. तुझी आई पेणला, मी रोह्याला, रोज एकमेकींना विचारतो, तुला आला का गो तिचा फोन, आणि दोघी नाही म्हणतो. म्हणून हा उद्योग करते आहे. रविवारची ही पुरवणी तू मोबाइलवर वाचतेस, मला ती उघडायला तूच शिकवलंस. पुरवणीच्या बाईंना मी विचारलं, माझ्या भावावर चार शब्द लिहू का. त्या म्हणाल्या, लिहा आजी, पण परक्या माणसालाही कळेल असं लिहा. तेव्हा वाचणाऱ्यांनो, तुम्हीही बसा. केतकी ही माझी भाची. मुंबईत एका फंडात नोकरीला आहे, हेज फंड म्हणतात त्याला, मोठ्या लोकांचे पैसे घेऊन शेअरांची खरेदी-विक्री करतात तिथं. आणि मी लिहिते आहे ते तिच्या बापाबद्दल, माझ्या धाकट्या भावाबद्दल. दत्ताराम त्याचं नाव. पेणपासून रोह्यापर्यंत त्याला दत्तूभाऊ विमेवाले म्हणायचे. पौषात गेला. आता माघ सरत आला.

त्या दिवशी मी गच्चीत वालाच्या शेंगा निवडत बसले होते. दुपारी फोन वाजला, दत्तूचं नाव दिसलं, म्हणून हॅलोसुद्धा न म्हणता मी जुन्या सवयीनं सुरू झाले, काय रे, आज काय म्हणतंय त्यांचं मन? पलीकडे कुणीतरी दुसराच. म्हणाला, मावशी, मी कासूच्या स्टेशनावरून बोलतोय, हे काका बाकावर बसलेत, गाडी आली तरी उठले नाहीत, त्यांच्या फोनात सगळ्यात वर तुमचं नाव होतं. त्याच्या आवाजावरूनच मी समजले. हातातल्या शेंगा तशाच हातात राहिल्या. ज्या माणसाला मी उभ्या जन्मात एका जागी निवांत बसलेला बघितला नाही, जेवतानाही जो एक पाय पाटाच्या खाली सोडून बसायचा, तो बाकावर बसल्या बसल्या गेला... मांडीवर बॅग होती, आणि बॅगेवर दोन्ही हात होते, असं तो माणूस म्हणाला.

आमचं घर खाडीकडचं. वडिलांची खारातली भातशेती, थोडं मिठागराचं काम. दत्तूचं दोन्हीत लक्ष लागलं नाही. त्याला फिरायला हवं असायचं. सरकारी नव्हे, तिच्या पुष्कळ नंतर आलेली एक विमा कंपनी होती, तिची एजन्सी त्यानं घेतली आणि सुटला. सकाळच्या गाडीनं जिते गाव, तिथून कधी कासू, कधी एसटीनं जोहे, कधी मिठागरांच्या बांधावरून चालत. बायकांना पोहे सुपात पाखडताना गाठून विमा समजावायचा, गणपतीच्या कारखान्यात मूर्तीला हात फिरवणाऱ्यांच्या शेजारी उकिडवा बसून समजावायचा. कुणाच्या घरात मयत झालं तर कंपनीचा कागद यायच्या आधी हा दारात असायचा, आणि पैसे हातात पडेपर्यंत त्या घरचा चहा प्यायचा नाही. लोकांनी कंपनी कधी पाहिली नाही. त्यांनी दत्तूला पाहिलं.

आणि एक होतं त्याचं. विमा उतरवणाऱ्याला घराघरातलं सगळं कळतं, कुणाला कोणतं दुखणं आहे, कुणी वारस म्हणून बायकोच्या ऐवजी आईचं नाव घातलंय, कुणाच्या दोन घरी दोन चुली आहेत. दत्तूच्या पोटात हे सगळं होतं आणि तोंडात काही नव्हतं. सुमन, म्हणजे केतकीची आई, कधी गमतीनं विचारायची, अमक्याकडे एवढा वेळ काय करत होतात. हा म्हणायचा, पाणी पीत होतो. मी सख्खी बहीण, माझ्या नवऱ्यानं पॉलिसीत काय लिहिलंय ते मला नवरा गेल्यावर कळलं. दत्तूला आधीपासून माहीत होतं, आणि त्या सगळ्या काळात तो येता-जाता माझ्याकडे जेवून जात होता.

याच स्वभावामुळे लोक त्याला रुसवा काढायला न्यायचे. आमच्याकडे कसं आहे, लग्नकार्यात कुणी सोयरा रुसला, मानपानात काही राहिलं, कुणी येणं-जाणं तोडलं, की नारळ घेऊन त्याच्या दारी जायचं. ओटीवर बसायचं, पाणी मागून प्यायचं, आणि मग विचारायचं, बाबा, आमचं काय चुकलं. तो भडाभडा बोलतो. आपण ऐकून घ्यायचं. त्यानं नारळ हातात घेतला की संपलं, पुन्हा तो विषय काढायचा नाही. दत्तू यात तरबेज. कितीतरी मोडायला आलेली सोयरीक त्यानं नुसतं ओटीवर बसून सांधली. त्याचा पक्का विश्वास होता, जो सोडून गेला त्याच्या मनात काहीतरी असतं, आणि जे मनात असतं ते बोलून बाहेर काढता येतं.

मग काही वर्षांपूर्वी त्याची कंपनी शेअर बाजारात आली. पॉलिसीवाल्यांना शेअर मिळण्यासाठी वेगळा वाटा ठेवला होता, असं काहीतरी होतं. दत्तूच्या अंगात वारं शिरलं. घरोघर जाऊन सांगू लागला, आता कंपनी तुमची झाली, शेअर म्हणजे घरच्या जमिनीतली वाटणी समजा, अर्ज करा. मिठागरातली हिराबाई, जिनं बँकेत खातंसुद्धा दत्तूच्याच नादानं उघडलं होतं, तिनंही घेतले. कुणी विचारलं, विकायचे कधी, तर हा रागवायचा, घरची वाटणी कोण विकतं काय. इथं त्याचं चुकलं. केतकीनं तेव्हाच त्याला सांगितलं होतं, बाबा, पॉलिसी वेगळी आणि शेअर वेगळा, असं नका सांगू लोकांना. तो म्हणाला, तुमच्या मुंबईत वेगळं असेल.

शेअर आधी चढला. दत्तू सगळीकडे ताठ मानेनं फिरला. मग घसरायला लागला, आणि माझ्या भावाची झोप उडाली. कंपनी हप्ते घेते आहे, दावे देते आहे, कुणाचं काही अडलेलं नाही, मग हा खाली का जातो, हे त्याला कळेना. टीव्हीवर बाजाराचं चॅनेल लावून खोलीत येरझाऱ्या घालायचा. तिथं कुणीतरी म्हणालं, या विमा शेअरबद्दल मोठ्या हेज फंडांचं सेंटिमेंट बिघडलंय. त्यानं लगेच केतकीला फोन लावला, सेंटिमेंट म्हणजे काय गो. ती म्हणाली, मोठ्या फंडांना त्या शेअरबद्दल काय वाटतंय ते. म्हणजे मन? ती म्हणाली, हो, तसंच काहीसं. झालं. त्या दिवसापासून फंडांना मन आलं. रोज बाजार बंद झाला की मला रोह्याला फोन. आक्का, आज त्यांचं मन बरं हाय. आक्का, आज बिनसलंय. जसं काही नव्या जावयाचं सांगतोय. एकदा टीव्हीवर म्हणाले, फंड पुन्हा घेऊ लागलेत, तर हा पेढे घेऊन संध्याकाळच्या गाडीनं रोह्याला हजर. पेढे संपायच्या आत ते पुन्हा विकू लागले. मी म्हटलं, दत्तू, असला जावई आपल्याला नको. तो हसला नाही.

कारण रस्त्यात लोक अडवायला लागले होते. कुणी भांडलं नाही, आपल्याकडे भांडत नाहीत तसे, नुसतं विचारतात आणि ते भांडणापेक्षा लागतं. हिराबाईनं बांधावर गाठून विचारलं, भावा, माजं घरातलं काय कमी झालं काय रं? तिला वाटत होतं, शेअर पडला म्हणजे तिची पॉलिसीही पडली. दत्तू तिला समजावत राहिला आणि त्याला स्वतःलाच कळेना आपण काय समजावतोय. त्याच्या शब्दावर या माणसांनी पोटातला घास काढून ठेवला होता, त्या शब्दाशिवाय त्याच्याकडे विकायला दुसरं काही नव्हतंच. त्याचं छातीचं दुखणं जुनं, केतकीच्या नोकरीच्याही आधीचं, पेणच्या डॉक्टरांनी दगदग बंद करायला कधीचं सांगितलेलं. वाचणाऱ्यांनो, हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दिवाळी झाल्यावर एका सकाळी तो माझ्या दारात उभा. अंगात इस्त्रीचा सदरा, पिशवीत सोललेला शेंडीचा नारळ आणि पेणचे पातळ पोहे. म्हणाला, आक्का, चल, बाईमाणूस सोबत असलं तर बरं पडतं. मी विचारलं, कुणाकडे रे? म्हणाला, फंडाकडं. त्यांचं काय बिनसलंय ते विचारून येऊ. सुमननं त्याला पेणमध्येच पुष्कळ सांगून बघितलं होतं, ऑफिस आहे ते, व्याह्याचं घर नाही. पण दत्तूचं म्हणणं, आपली पोर फंडात आहे, फंडवाले फंडवाल्यांना ओळखत असतील, सुरुवात तिच्या साहेबापासून करू. केतकीला त्यानं फक्त एवढंच कळवलं की आम्ही येतोय. मला हसू आवरेना. पण सख्खा भाऊ नारळ घेऊन दारात आला तर नाही कसं म्हणायचं, मी चपला घातल्या.

एसटीनं मुंबई, मग टॅक्सी. काचेची इमारत. दारातल्या पहारेकऱ्यानं नारळ बघितला आणि त्याला काय करावं सुचेना. पिशवी यंत्रातून गेली, पडद्यावर गोल काहीतरी दिसलं, त्यानं दुसऱ्याला बोलावलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला. दत्तू शांतपणे म्हणत होता, अरे नारळ हाय बाबा, नारळ. तेवढ्यात केतकी खाली आली. तुझं तोंड मला अजून दिसतं गो... लाजही होती, मायाही होती, आणि आणखी एक काहीतरी होतं, ते मला तेव्हा ओळखता आलं नाही. तू बापाच्या हातातली पिशवी घेतलीस आणि आम्हाला वर नेलंस.

साहेब म्हणजे पोरगाच होता, पायात कापडी बूट. भला होता हो, मी खोटं सांगणार नाही. उभा राहिला, खुर्च्या दिल्या, पाणी आणवलं. दत्तू रीतीप्रमाणे आधी पाणी प्यायला. मग म्हणाला, केतकी हिंदीत सांगत होती, की साहेब, आमच्या कंपनीवर तुमच्या सगळ्या मंडळींचं मन नाराज झालंय असं ऐकलं, आमच्याकडून मानपानात काही राहिलं असेल तर बोलून मोकळे व्हा, मी ऐकायला आलोय. तो पोरगा केतकीकडे बघायला लागला. मग हसू न आणता, अगदी आदरानं म्हणाला, "अंकल, हम नाराज़ नहीं हैं. कंपनी अच्छी है. भाव ज़्यादा था, बस." दत्तूनं विचारलं, नाराज नाहीत मग सोडून का गेलात? तो म्हणाला, स्वस्त झाला की पुन्हा घेऊ, आम्ही तर भाव पडण्यावरच पैसे लावले होते, पडला की आम्हाला नफा. आणि मग, त्याला वाटलं बापाला बरं वाटेल, म्हणून केतकीकडे हात करून म्हणाला, हे सगळ्यात आधी हिनं ओळखलं, हिचंच काम आहे हे, तुम्हाला अभिमान वाटायला हवा.

खोलीत थंडी फार होती. केतकीनं हे वाक्य मराठीत सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती, दत्तूला हिंदी बोलता येत नसलं तरी कळायचं.  तो उठला आणि त्यानं नारळ पुढे केला. त्या पोरानं दोन्ही हातांनी घेतला आणि तसाच धरून उभा राहिला. लिफ्टपाशी तू म्हणालीस, बाबा, मला सांगता येत नव्हतं, इथलं बाहेर बोलायचं नाही असा नियम आहे, घरीसुद्धा. आणि दत्तू म्हणाला, "घरात कसला गो नियम?" एवढंच. लिफ्टचं दार लागलं. मला माहीत आहे, तुझ्या कानात हेच वाक्य आहे. त्यानंतर तुम्ही दोघं फोनवर जेवलीस का, जेवलात का, याच्या पलीकडे गेला नाहीत.

परतीच्या गाडीत तो खिडकीशी बसला.  पोह्यांची पिशवी त्यानं तशीच परत आणली म्हणून मी त्याला बोलत होते, काहीतरी बोलायचं म्हणून. मग तो म्हणाला, "आक्का, राग असता तर काढला असता गो. त्यांना रागच नाय." मी त्याच्याकडे बघितलं. एवढा हरलेला मी त्याला वडील गेले तेव्हाही बघितला नव्हता. ज्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्याच्या मनातला सल शोधून काढला, त्याला आज कुणीतरी सांगितलं होतं की इथं सल नाहीच, इथं कुणाचं कुणाशी काही नाही, भाव जास्त होता, बस. आणि जी सगळ्यात आधी सोडून गेली ती स्वतःची पोर.

घरी आल्यावर तो आजारी पडेल असं सुमनला वाटलं. पण तो उलटा जास्तच फिरायला लागला. सकाळी बाहेर, दुपारी बाहेर. सुमन ओरडायची, डॉक्टर काय म्हणाले ते विसरलात काय. हा बॅग उचलून चालू पडायचा. ज्या ज्या घरी त्यानं घरच्या वाटणीचं सांगितलं होतं त्या त्या घरी तो परत गेला. ओटीवर बसायचा, पाणी मागायचा, आणि म्हणायचा, माझं सांगायला चुकलं. पॉलिसी वेगळी, ती आहे तशी आहे, तिला काही झालेलं नाही. शेअर वेगळा, तो वर जातो, खाली जातो, त्यात कुणाची नाराजी नसते. ज्याला ठेवायचा त्यानं ठेवावा, ज्याला विकायचा त्यानं विकावा. कुणी ऐकून घेतलं, कुणी टोमणे मारले. एकानं तर दारातूनच विचारलं, आता कोणाचा विमा विकतोस, पोरीच्या फंडाचा? दत्तू त्याच्याही ओटीवर बसला. हिराबाईकडे बांधावर गेला तेव्हा तिनं सगळं ऐकून एवढंच विचारलं, म्हंजे मी मेल्यावं पोरांना मिलेल ना? तो म्हणाला, मिलेल. ती म्हणाली, मंग एवड्या उनाचा कशाला आलास रं. आणि तिनं त्याला ताक दिलं.

जोह्याचं त्यानं मला स्वतः सांगितलं. जाण्याच्या थोडेच दिवस आधी तो रोह्याला आला होता, ती आमची शेवटची भेट. स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभा होता, बस म्हटलं तर बसेना, वालाचं बिरडं उभ्यानंच वाटीतून खाल्लं. जोह्याला एका गणपतीच्या कारखान्यात गेला होता म्हणे. तिथले मालक चेष्टेत म्हणाले, दत्तूभाऊ, तुमची पोर तर आत बसलीये, तिला विचारा आणि सांगा ना आम्हाला, विकू की ठेवू. सगळे कारागीर हात थांबवून ऐकायला लागले. आणि दत्तूच्या तोंडून पटकन निघून गेलं, ती नाय सांगणार. मालक म्हणाले, बापाला नाय सांगणार? दत्तू म्हणाला, बापाला तर मुळीच नाय.

हे मला सांगताना तो हसायला लागला. कितीतरी दिवसांनी हसला. वाटी खाली ठेवली आणि म्हणाला, "आक्का, या घरचं त्या घरात मी कधी नेलं नाय. सुमनला नाय, तुला नाय. माझ्या पोरीनं पण नाय नेलं गो. मी पडताना तिला दिसत होतो, तरी नाय नेलं." त्याचे डोळे भरले होते, पण तोंडावर जे होतं ते दुःख नव्हतं. मी ओळखते ना त्याला. पहिली पॉलिसी करून आला होता त्या दिवशी असाच दिसत होता. मग पुन्हा थोडा घुश्श्यात आला, म्हणाला, तरी पडण्यावर पैसे लावायचे हे मला पटलेलं नाय, ते मी तिच्याशी भांडणार हाय. मी म्हटलं, भांड ना, फोन लाव आत्ता. तर म्हणाला, हे फोनवर बोलायचं नाय, समोर बसवून बोलीन, तिला एका रविवारी पोपटीला बोलावतो, शेतात मडकं लावून शेंगा भाजू. शेंगा भरल्यात. आणि निघाला. मी जिन्यापर्यंत गेले, वरून ओरडले, हळू जा रे. त्यानं मागे न बघता हात वर केला.

तो रविवार आला नाही. कासूला तो कुणाकडे गेला होता तेही नंतर कळलं, एकच घर राहिलं होतं तिथलं, ते करून परत येत होता.

आता बाराव्याला काय झालं ते सांगते, कारण ते चारचौघांत झालं, म्हणून चारचौघांतच मिटवायला हवं. पंगत बसली होती. आमच्याच भावकीतला एकजण, नाव घेत नाही, त्यालाही वाचता येतं, मोठ्यानं म्हणाला, पोरीनं बापाची कंपनी पाडली आणि पाठोपाठ बाप पडला. केतकी वाढत होती. हातातली डाळीची बादली तिनं खाली ठेवली आणि आत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी निघून गेली, चहासुद्धा न घेता. तेव्हा मी तोंड उघडायला हवं होतं की नको, कोण जाणे, पंगतीत रडारड सुरू झाली होती आणि माझा आवाज फुटत नव्हता. आज फुटतोय. तर बाबा, ऐक. दत्तूचं दुखणं जुनं होतं, डॉक्टरांचे कागद सुमनपाशी आहेत. कंपनी पडलेली नाही, अजून दावे देते आहे, तुझ्याच चुलत्याचा दिला. आणि बाप पोरीवर रुसून गेला नाही. तो तिच्यावर खूश होऊन, तिच्याशी भांडायची तयारी करत गेला. हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. ज्याला पटत नसेल त्यानं रोह्याला यावं, मी घरीच असते.

आणि केतके, आता तुझ्याशी. तू काय विचार करत असशील ते मला दिसतं. लिफ्टपाशी दोन शब्द जास्त बोलले असते तर, आधीच सांगितलं असतं तर, नियम मोडला असता तर... नको गो. नियम मोडला असतास तर तू त्याची राहिली नसतीस, हे त्याचंच म्हणणं, मी मध्ये काही घातलेलं नाही. त्याला ते कळायला महिना-दीड महिना लागला, त्याची तुला सांगायची वेळ हुकली, एवढंच आहे. ते काम माझ्याकडे आलं आणि मला ते फोनवर करायचं नव्हतं, तोही फोनवर करणार नव्हता. पण तू समोरच येत नाहीस, म्हणून सगळ्या जिल्ह्यासमोर करावं लागलं. झाली ना शोभा? होऊ दे.

परवा पेणला गेले होते. दुपारची वेळ. सुमन टीव्हीसमोर बसली होती, आवाज बंद. बाजाराचं चॅनेल. खाली ती अक्षरांची पट्टी सरकत होती, लाल, हिरवी, लाल. सुमनला त्यातलं एक अक्षर लागत नाही, तुला माहीत आहे. मी म्हटलं, कशाला लावून बसलीस? ती म्हणाली, या वेळेला लागतो तो घरात, नाही लावला तर खोली खायला उठते. मग मला हळूच विचारलं, आक्का, ते त्यांच्या कंपनीचं नाव कुठलं गो, मला ओळखता येत नाही, किती वेळ बघते आहे. मीही चष्मा लावून बघितलं. मलाही सापडलं नाही. फंड पुन्हा घेऊ लागलेत असं कुणीतरी म्हणत होतं म्हणे, खरंखोटं आम्हाला काय कळणार. आम्ही दोघी म्हाताऱ्या तिथं बसून राहिलो, ती पट्टी सरकत राहिली.

तू ये. विकायचं की ठेवायचं ते काही सांगू नकोस, कुणी विचारलंच तर नाही सांगता येत म्हण आणि पाणी पी. फक्त दुपारी तुझ्या आईच्या शेजारी बस, आणि त्या पट्टीत तुझ्या बापाची कंपनी गेली की बोट दाखवून तिला सांग, ही बघ, आई, ही. तेवढंच. मी पेणलाच येऊन राहीन. लवकर ये गो बाय.